मनीचा वैरी

साऱ्या घरात मनी एकट्या महारुद्रवरच धावून जायची. संध्याकाळी तो ढाब्यावरच्या कामाहून आला, की शेपूट फुगवून फिस्कारायची, पायाला बोचकारायची. कडूबाईनं मीठ-मिरच्यांनी लेकाची दृष्ट काढली. काही फरक पडला नाही.

"आये, हिला पोत्यात घालून लांब सोडून ये. न्हायतर एक दिवस मीच काठी घालतो."

धाकटा श्रीनाथ फटाक्याच्या कारखान्यात स्फोटात गेला, त्या दिवशी त्याच्या मागं गेलेली मनी तेवढी होरपळून घरी आली होती. तिला सोडायचं कडूबाईच्या जिवावर आलं. पण राहिलेल्या एका लेकापुढं मांजराचं काय?

सकाळी तिनं पोतं काढलं. मनी नेहमीसारखी मांडीवर येऊन घुरघुरत बसली. तिला गुंडाळायला म्हणून कडूबाईनं खुंटीवरचा महारुद्रचा कालचा शर्ट ओढला, तशी मनी किंचाळून उसळली आणि शर्टालाच फाडायला लागली.

कडूबाईनं शर्ट नाकाला लावला. हाच वास तिनं श्रीनाथच्या कपड्यांतून कैक वर्षं घासघासून काढला होता.

दिवसभर तिचा पाय घरात ठरला नाही. संध्याकाळी महारुद्र दारात आला. मनी उंबऱ्यात फिस्कारत उभी होती.

"अजून हितंच हाय व्हय ही?"

कडूबाई मनीला खेटून उंबऱ्यातच बसली.

"महारुद्रा, तुमच्या ढाब्यावर भाजीत बारूद घालत्यात व्हय रं?"