थेट दुसऱ्या वर्षाला

गावातल्या पॉलिटेक्निकला होते तेव्हा मधल्या सुट्टीत पळत घरी येऊन लेकीला पाजायचे. डिप्लोमा झाला आणि लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. लेक मात्र वाटी-चमच्याला तोंड लावेना. दिवसभर उपाशी राहिली तर प्रवेश सोडायचा, असं ठरवूनच पहिल्या दिवशी एसटीत बसले.

संध्याकाळी परतले, तर सासूबाई माझा सकाळी उतरवलेला गाऊन लुगड्यावरच चढवून दारात बसलेल्या. मांडीवर लेक, पोटभर पिऊन गाढ झोपलेली.

"तुझा वास आला, तवा कुठं दूध प्याली," त्या मला हळूच म्हणाल्या.

"काय ओ गयाबाई, आज गाऊन?" शेजारीण हसली.

सासूबाई ताठ झाल्या. "सून इंजिनिअर व्हायलीय. आता तीन वर्षं मी अशीच दिसणार."