बसलेल्या माणसासमोरून

चौथ्या पावलाला सिएनी कमरेत वाकली. उजवा हात जमिनीकडे गेला आणि तोंडातून हळूच माफीचं "तुलोऊ" निघालं.

"गेला! बघा, गेला तोल!" तिची मुलगी लागी ओरडली. बाई ऑकलंडहून आली होती ती आईचं विमानाचं तिकीट काढूनच.

दवाखान्याची नर्स पेनिना चटईवर बसली होती. तिचं पेन कागदावर टेकलं.

ठरलं होतं ते एवढंच. दहा आकडे एका पायावर उभं राहायचं, मग चटईच्या काठाने टाचेला चवडा लावत दहा पावलं चालायचं. जमलं तर इथेच सावाईई बेटावर, अंगणातल्या नवऱ्याच्या थडग्याशेजारी राहायचं. नाही जमलं तर शुक्रवारचं विमान. फेब्रुवारीत ती घसरून पडली तेव्हाच थोरला भाऊ तानिएलू म्हणाला होता, "एकटीनं राहायचं खूळ आता पुरे." तो घराण्याचा प्रमुख. त्याच्या शब्दापुढे जायची कोणाची प्राज्ञा!

पण सिएनी हट्टाला पेटली. पेनिनाने शिकवलेले व्यायाम तिने तीन महिने चुकवले नाहीत. रोज सकाळी चुलीवरचा कोको उकळेपर्यंत ती एका पायावर उभी. आधी खांब धरून, मग नुसतं बोट टेकवून, मग तेही नाही. भार टाचेवर आहे की चवड्यावर, हे डोळे मिटूनही कळायला लागलं. आज तर ती दहा काय, पंचवीस आकडे उभी राहिली होती. आणि आता हे!

"तोल नाही गेला," ती म्हणाली. आवाज कापत होता, पाय नाही. "दादा बसलाय तिथे खांबाशी. बसलेल्या माणसासमोरून ताठ कशी जाऊ?"

"मला कळतं गं मावशी," पेनिना म्हणाली, "पण कागदाला कुठे कळतंय? ताठ चालायचं, असं छापलंय."

"मग चाल ना ताठ! जगबुडी होणारेय का?" लागी म्हणाली.

"सत्तर वर्षांत नाही चालले."

तानिएलूला जागेवरून उठ म्हणायची हिंमत तिघींपैकी एकीलाही नव्हती. शेवटी तोच गुरगुरला, "मीच उभा राहतो. मग ये ताठ."

लागीने पुढे केलेला हात त्याने झिडकारला. गुडघ्यावर जोर देत उठला. सिएनीने ताठ मानेने पाचवं पाऊल टाकलं, सहावं टाकलं, सातवं टाकलं. तेवढ्यात तानिएलूने खांबाला हात घातला आणि तो हुकला. क्विंटलभराचा देह पुढे कलंडला.

सिएनीने मागच्या टाचेवर भार घेतला आणि दोन्ही हातांनी त्याला छातीशी धरलं. जागची तसूभर हलली नाही.

"मामा!" लागी किंचाळली.

सिएनीने त्याला अलगद खाली बसवलं. तो घामाने भिजला होता. बराच वेळ तो तिच्या पावलांकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "लागी, ते तिकीट परत कर."

पेनिनाने कागदावर खूण केली. सिएनी डोळे पुसत हसली. तिने पुन्हा कंबर वाकवली, तुलोऊ म्हणाली आणि भावासमोरून उरलेली तीन पावलं पुरी केली.

"दादा, उद्या सकाळी कोको प्यायला ये. पण सांगून ठेवते, तो उकळेपर्यंत बसायचं नाही."