दक्षिणेचं द्वीपकल्प

"चोरीचं काम मी करत नाही," प्रीतम म्हणाला आणि त्याने लॅपटॉप मिटला.

यशोधराला आधी वाटलं, तो गंमत करतोय. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या त्याच्या टीचभर स्टुडिओत ती दर रविवारी यायची. तिच्या पहिल्या कादंबरीतल्या जगाचा नकाशा तो काढत होता. जग कल्पनेतलं, पण भूगोल खरा हवा, अशी तिची अट होती. शिकवणीत भूगोल शिकवणारी बाई ती, डोंगर चढून जाणारी नदी तिला कशी खपणार? पाऊस डोंगराच्या कुठल्या अंगाला पडेल, वाळवंट कुठे येईल, यावर दोघांची भरपूर हुज्जत व्हायची. किनाऱ्यावरून मात्र कधीच झाली नाही. तो तिने घरूनच बटर पेपरवर उतरवून आणला होता.

"लोग बटाटा काढतात और बोलतात खंड आहे," प्रीतम तेव्हा म्हणाला होता. "तुझा किनारा एकदम असली वाटतो यार."

आज त्याने एक पिवळं पडलेलं पुस्तक तिच्यापुढे टाकलं. रद्दीवाल्याकडे मिळालेलं, मुलांसाठी लिहिलेली राजा-राक्षसांची गोष्ट. लेखक विष्णुपंत घाणेकर. पहिल्याच पानावर नकाशा होता आणि त्या नकाशात तिचा किनारा होता. तीच पश्चिमेची खाडी, तोच उत्तरेचा सुळका, तीच दोन बेटं.

"तीस वर्षं जुनं आहे. तू जन्मली पण नव्हती," प्रीतम म्हणाला. "खाली एक शेपूट जोडलं म्हणून तुझं झालं काय?"

शेपूट म्हणजे दक्षिणेचं द्वीपकल्प. जुन्या नकाशात तेवढं नव्हतं. तिच्या नायिकेचं गाव नेमकं तिथेच होतं.

"हे पुस्तक मी आज पहिल्यांदा बघतेय, प्रीतम."

"सगळे हेच बोलतात. चोरीच्या मालावर माझं नाव नको. तुझ्या प्रकाशकाला पण सांगणार मी."

यशोधराच्या अंगाचा तिळपापड झाला. शाळेत असल्यापासून रोज अंथरुणात पडल्या पडल्या ती त्या किनाऱ्याने फिरून यायची. कुठे गलबत लागेल, कुठे बुडेल, सगळं तिला पाठ होतं. आता तिलाच चोर म्हणायचं? पुस्तक छापखान्यात जायच्या बेतात होतं. पहिल्याच पुस्तकाला असा डाग लागला तर दुसरं कोण छापणार?

विठ्ठलवाडीला घरी आली तर आई, कुमुदिनीबाई, वेगळ्याच कारणाने भडकलेल्या.

"गवंडी परत गेला. आता तो काय येत नाही. ओलीने भिंतीचे पोपडे पडतात ताटात, तुला दिसत नाही का? वरच्या बाईला सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

"नकाशा होऊ दे, आई. मग काय ती भिंत फोड. धुळीत मला लिहिता येत नाही."

आणि मग तिचं रडूच फुटलं. आईने सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा गवंड्यावरचा राग भलतीकडेच वळला.

"चोर? आपल्याला? दुसऱ्याच्या काडीला हात लावला नाही आपण कधी. रडतेस काय? जा आणि त्या पुस्तकवाल्याला तोंडावर विचार, तुझं त्याच्याकडे कसं आलं ते!"

पुस्तकावर पत्ता बदलापूर गावातला होता. विष्णुपंत अजून तिथेच राहत होते. कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या सदऱ्यात बसलेले गृहस्थ. तिने बसण्याआधीच विचारलं, "हा किनारा तुम्ही कुठून घेतलात?"

"घेतला म्हणजे? माझा आहे तो."

"माझा आहे."

तिने बटर पेपर टेबलावर पसरला. विष्णुपंतांनी चष्मा लावला आणि बघता बघता त्यांचे कान लाल झाले.

"साफ चोरी आहे ही! एकूण एक वळण माझं आहे. लाज नाही वाटत? एवढी शिकलेली दिसतेस."

"शिकलेय म्हणूनच तोंडावर विचारायला आले. चोर असते तर आले असते का?"

"कुठून घेतलास मग? सांग."

यशोधराने बटर पेपरची कड सरळ केली. खरं सांगितलं असतं तर म्हातारा हसला असता, आणि आज हसणं तिला सोसलं नसतं.

"बघ, उत्तर नाही. वकिलाकडूनच विचारतो," त्यांनी पेन उघडलं. "नाव, पत्ता सांग."

"लिहून घ्या ना. यशोधरा जाधव. विठ्ठलवाडी, डेपोच्या मागे, देवकी चाळ. तळमजला, शेवटची खोली."

पेन थांबलं.

"शेवटची? नळाच्या बाजूची?"

"हो, नळाच्या बाजूची. जन्म तिथलाच आहे माझा. बिनधास्त पाठवा नोटीस, आम्ही कुठे पळून जात नाही."

विष्णुपंतांनी पेनाला टोपण लावलं आणि बटर पेपर जवळ ओढला. खाडीपासून किनाऱ्याकिनाऱ्याने बोट फिरवत ते सावकाश खाली आले आणि दक्षिणेच्या द्वीपकल्पाशी थबकले.

"आमच्या वेळी भिंतीवर एवढं नव्हतं," ते म्हणाले. "वरच्यांची मोरी अजून गळतेच म्हणायची."