प्रेसवरचा हिरवा डोळा

“डोळा हिरवा आहे, कुंदाताई. प्रेस चालूच राहणार,” मॅनेजर बेंद्रे तिसऱ्यांदा म्हणाले.

कुंदा शेलारने पत्रे दाबणाऱ्या त्या प्रेसच्या टाकीतून काढलेल्या तेलाचा डबा त्यांच्यापुढे धरला. तेल डांबरासारखं काळं झालं होतं; अशा तेलावर प्रेसचा ताबा सुटतो. सकाळी ह्याच प्रेसने अचानक खाली येऊन खात्यातल्या यमुनाचा पंजा चिरडला होता. पण प्रेस थांबवण्याचा अधिकार आता माणसांकडे उरला नव्हता. तेलातून प्रकाश सोडून ते तपासणारा डोळाच काय ते ठरवायचा.

“मग त्याला काय दिसतंय, ते बघतेच,” म्हणत तिने पान्याने डोळ्याचं झाकण काढलं. डोळ्यासमोर नव्याकोऱ्या तेलाची सीलबंद कुपी बसवलेली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हे कुणी केलं?”

“सारखं काम बंद पडायचं हो. वरून ऑर्डर होती.”

“मग यमुनाला नवा हातही वरूनच मागवा!”

तिने कुपी उपटली आणि काळं तेल डोळ्याच्या काचेवर फासलं. डोळ्याचा हिरवा दिवा लाल झाला, प्रेस थांबली. ती पाना घेऊन पुढच्या प्रेसकडे निघाली. बेंद्रे आडवे आले, तेव्हा तिच्यामागे खात्यातल्या साऱ्या बायका उभ्या होत्या.