कोरड्या तळ्यावरची बदकं

तळं आटून दोन उन्हाळे झाले होते. पाणी नाही तिथं चिटपाखरूही नसणार, हे पक्ष्यांची गणना करणाऱ्या बाईंना ठाऊकच होतं. त्यांनी तसं लिहून दिलं की तळ्याची जागा बांधकामाला मोकळी होणार होती. हौसेनं सोबत आलेली धाकटी जाऊ काठावरच सावलीला बसली.

बाई भेगाळलेल्या मातीवरून पार मध्यापर्यंत आल्या, तेव्हा त्यांच्या अंगावरून एक सावली संथपणे सरकली. त्यांनी मान वर केली.

पूर्वी जिथवर पाणी चढायचं, तेवढ्या उंचीवर बदकं तरंगत होती. पंख मिटलेले होते. केशरी पाय मात्र हवेत हळूहळू वल्हवत होते. इतकं शांत बाईंनी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. घाबरायचंही त्या विसरल्या.

"जाऊबाई, मागं फिरा," काठावरून जाऊ म्हणाली. तिचा आवाज दबून, फार लांबून आल्यासारखा आला. "पुढं खोल आहे."

"अगं, कोरडंठाक तर आहे सगळं," बाई हसून म्हणाल्या.

पण शब्द त्यांचे त्यांनाच ऐकू आले नाहीत. ओठांतून निघालेले बुडबुडे तेवढे एकामागून एक बदकांकडे चढत गेले.