विहिरीवरची सोबत

सत्यभामाबाईंनी सुनेचं मनगट काही सोडलं नाही. बीडच्या दवाखान्यातल्या बाकावर ऋतुजा अंग चोरून बसली होती. ओटीपोटात कळ उठत होती, तळपाय गार पडले होते. सासूबाईंचा सोमवारचा उपास आणि ऋतुजा बाहेरची. एरवी अशा दिवसांत त्या तिच्या सावलीलाही शिवत नसत. आज हात धरला होता, तो ती पळून जाऊ नये म्हणूनच.

गावात पोट दुखलं की गर्भाची पिशवी काढायची, हा रिवाजच पडला होता. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची काढलेली. सासूबाईंचीही. शेजारची छबुबाई सकाळी हसत म्हणाली होती, "जा बाई, कटकट मिटंल एकदाची." ऋतुजाची कूस अजून उजवली नव्हती.

दुखणं तिनं घरात सांगितलं होतं. दुसरं सांगितलं नव्हतं. कळा सुरू व्हायच्या आधीच तिचं मन काळवंडून यायचं. भाकरी थापता थापता डोळे भरायचे आणि मळ्यातली विहीर हाक मारायची. लोक येडी म्हणतील, माहेरी धाडतील, या धास्तीनं तिनं ओठ शिवून घेतले होते. पण सासूबाईंना वास लागला असावा. पाण्याला जायचं झालं की, "ऋतुजा, चल गं संगं," ही हाक ठरलेली. घागर एकच न्यायची असली तरी. नुसता पहारा.

नाव पुकारलं गेलं. आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतंय?"

सासूबाईच हळू आवाजात बोलल्या.

"पोट दुखतंय हिचं. पर पिशवी काढायची न्हाई, म्याडम. दुखायच्या आदी हिचं मन लई खचतंय. जीव नकोसा व्हतोय हिला. त्येची दवा द्या."

ऋतुजा चमकली. "आत्याबाई, तुमाला कुणी सांगितलं?"

सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी मनगट आणखी घट्ट धरलं.

"माजी पिशवी काढून लई वर्सं झाली, म्याडम," त्या म्हणाल्या. "पर हिरीवर आजून एकटीला जाववत न्हाई मला."