पाचवा वाडगा

ओकबुन पाचवा वाडगा भरू लागली, तोच सासूने तिचं मनगट धरलं.

"चारच," मल्सुन म्हणाली. "या घरात मेलेली माणसं चारच आहेत."

नव्या तांदळाचा भात वाफाळत होता. शरदाच्या पुनवेची सकाळ. शेतातल्या पहिल्या लोंब्यांची जुडी दारावर टांगून झाली होती. आत सासरे धुतलेला अंगरखा घालून पितरांच्या चौरंगापुढे बसले होते. आज घरोघरचे पितर नवा भात जेवायला येणार. ज्याच्या नावाचा वाडगा मांडलेला नसेल, त्याने उंबऱ्याबाहेरूनच माघारी फिरायचं.

भात होता ओकबुनच्या नवऱ्याने, तेसिकने, नांगरून ठेवलेल्या खाचरातला. नांगरट आटोपून तो मासेमारीच्या बोटीवर गेला. लावणीला येतो, असं बायकोला सांगून. बोट आली नाही. बोटीवरच्या बाकीच्यांच्या घरी बायकांनी सुतकाचं पांढरं नेसलं. मल्सुनने सुनेला नेसू दिलं नाही. बाहेरगावी गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा लेकाच्या वाटचा भात ती रोज झाकून, चुलीलगतच्या उबदार जमिनीवर रजईखाली ठेवायची. सकाळी तो गार भात ओकबुनच्या पानात पडे. शेजारीण तर विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाली होती, की ही म्हातारी जित्या लेकासाठी भात झाकते आणि मेलेल्या लेकाला उपाशी मारते.

"आई, आजच्या दिवस तरी," ओकबुन हलक्या आवाजात म्हणाली. "सगळे जेवतील आणि हे एकटे बाहेर उभे राहतील."

"विधवा व्हायची घाई झालीय का गं तुला?"

ओकबुनने वाडगा पातेल्यात उपडा केला.

सासऱ्यांनी चार वाडग्यांत चार चमचे उभे खोचले. माथा टेकला, उठले, पुन्हा टेकला. दुसऱ्यांदा मात्र त्यांना उठायला फार वेळ लागला.

पितरांचं जेवण झालं, की प्रत्येक पदार्थातलं चिमूट चिमूट फाटकाबाहेर टाकायचं. ज्यांना घर नाही, नाव घेणारं कुणी नाही, अशा भटक्या जिवांसाठी. ते काम सुनेचं. ओकबुनने उष्टंमाष्टं गोळा केलं आणि ती अंगण ओलांडून गेली.

फाटक आधीच उघडं होतं.

बाहेर कुंपणाच्या कडेला घरातली चांगली चटई अंथरलेली होती. भटक्यांसाठी कुणी चटई अंथरत नाही. तीवर भाताचा शिगोशीग वाडगा, गरम रस्सा, भाजलेला अख्खा मासा. मल्सुन उकिडवी बसून माशाचे काटे काढत होती. एकेक तुकडा बोटांत चुरून बघायची, बारीकसं कुसळही राहिलं नाही ना, आणि मग भातावर ठेवायची.

ओकबुन तशीच थबकली. म्हातारीने मान वर केली नाही.

"उभी काय राहिलीस?" ती म्हणाली. "पाणी आण. घाईघाईनं खातो तो."